पैसे दिले, सह्या झाल्या; शेअर मात्र कुणाच्या नावावर?

या अंकासाठी सहा पत्रं निवडली आहेत. सगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची, त्याही घरातल्या किंवा मित्रामित्रांच्या. नावं-गावं काढून टाकली आहेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. मी कंपनी सेक्रेटरी आहे. उत्तरं लिहायला बसले तेव्हा टेबलावर एका अशिलाची सभासदांची, म्हणजे भागधारकांची, नोंदवही उघडी होती. लाल कापडी पाठीची, आडवी, जाड वही. तिच्यातली शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची. त्यानंतर त्या कंपनीचे शेअर तीन वेळा या हातातून त्या हातात गेले, पैसेही बँकेतून फिरले. वहीत मात्र अजून जुनेच मालक आहेत. ही वही पुढच्या काही उत्तरांमध्ये पुन्हा येणार आहे.

प्रश्न : ताई, आम्ही दोघे भाऊ आणि एक मित्र अशी तिघांची कंपनी आहे. १० मार्चला मामांनी कंपनीच्या चालू खात्यात २० लाख रुपये भरले. त्यांना शेअर द्यायचं तोंडी ठरलं होतं. अकाउंटंटने ‘शेअर अ‍ॅप्लिकेशन मनी’ म्हणून नोंद केली. त्यातले १४ लाख मशीनला गेले. आता ऑगस्ट उजाडला. मागची तारीख घालून ठराव करा आणि पीएएस-३ (शेअरवाटपाचा फॉर्म) भरून टाका, असा सल्ला मिळतोय. चालेल का?

मागची तारीख घालू नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, खोट्या तारखेची चूक निस्तरता येत नाही. फॉर्मवरच्या डिजिटल सहीला तिची स्वतःची तारीख आणि वेळ असते. बँकेच्या उताऱ्यावर १० मार्च छापलेला आहे. उद्या मामांशीच बिनसलं तर हेच कागद तुमच्या तिघांच्या विरोधात उभे राहतील.

चूक कुठे झाली ते बघू. मामा आजवर कंपनीचे भागधारक नाहीत. बाहेरच्या माणसाला नवे शेअर द्यायचे तर कंपनी कायदा, २०१३ चं कलम ६२ आणि कलम ४२ दोन्ही पाळावी लागतात. या वाटेवर पैसे बरेच उशिरा यायचे असतात. तुमच्याकडे ते सगळ्यात आधी आले.

खरा क्रम असा. आधी बोर्डाची बैठक. तिच्यात पाहायचं की अधिकृत भांडवलात जागा शिल्लक आहे का. नसेल तर सभासदांच्या ठरावाने ते वाढवायचं आणि ३० दिवसांत त्याचा फॉर्म, एसएच-७, भरायचा. अधिकृत भांडवलाच्या वर एकही शेअर देता येत नाही. मग रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून शेअरची किंमत काढून घ्यायची आणि सर्वसाधारण सभेत विशेष ठराव करायचा. तो ठराव एमजीटी-१४ या फॉर्ममधून कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे दाखल झाल्यानंतरच मामांच्या नावाचं, क्रमांक घातलेलं ऑफर लेटर, म्हणजे पीएएस-४, त्यांच्या हातात पडतं. आता कुठे पैशांची पाळी येते. तेही मामांच्या स्वतःच्या खात्यातून, रोख अजिबात नाही, आणि शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरचं वाटप आणि वाटपापासून १५ दिवसांत पीएएस-३. तो दाखल होईपर्यंत त्या पैशांना हात लावायचा नाही. कलम ४२ चं नवं रूप ७ ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तुमचं मशीनसुद्धा वेळेआधीच आलं.

तुमचे ६० दिवस ९ मे रोजी संपले. त्यानंतर १५ दिवसांत, म्हणजे २४ मेपर्यंत, पैसे परत जायला हवे होते. ते गेले नाहीत, म्हणून साठावा दिवस उलटल्यापासून वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. २० लाखांवर महिन्याला २० हजार. शिवाय ही रक्कम आता ठेव धरली जाते, आणि सभासद नसलेल्या माणसाकडून ठेव घ्यायची प्रायव्हेट कंपनीला मुभा नाही.

इथे हटकून कुणीतरी म्हणतं, ‘मामा काय परके आहेत का?’ संचालकाच्या नातेवाइकाने स्वतःच्या, उसने न घेतलेल्या पैशांतून दिलेली रक्कम ठेव धरली जात नाही, हे खरं आहे. पण कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलं, सून, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. मामा येत नाहीत. प्राप्तिकराच्या यादीत मात्र मामा आहेत. सीएंच्या तोंडी दिवसभर प्राप्तिकराची यादी असते आणि घोळ तिथेच होतो. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत मामा, काका, आत्या हेच सगळ्यात जास्त सापडतात.

आता करायचं काय? मामांचे २० लाख व्याजासकट बँकेतून परत करा. १४ लाख मशीनमध्ये अडकले आहेत, तर तुम्ही दोघा भावांनी संचालक या नात्याने स्वतःचे पैसे कंपनीला कर्जाऊ द्या आणि ‘ही रक्कम मी उसनी घेतलेली नाही’ असं लेखी निवेदन सोबत ठेवा. मग वरचा क्रम पहिल्या पायरीपासून सुरू करा. झालेल्या चुकीला दंड आहे. कायद्याने तो उभारलेली रक्कम किंवा २ कोटी, यांतल्या कमी आकड्यापर्यंत जाऊ शकतो. कंपनी ‘लहान कंपनी’च्या व्याख्येत बसत असेल तर कलम ४४६बी खाली तो निम्म्याहून जास्त होत नाही, कंपनीवर कमाल २ लाख आणि अधिकाऱ्यावर कमाल १ लाख. तुमच्या कंपनी सेक्रेटरीबरोबर बसून स्वतःहून रजिस्ट्रारपुढे चूक मांडा. नोटीस येण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : आमचा तिसरा भागीदार दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला. हिशेब करून त्याला बँकेतून १५ लाख दिले. त्याने संचालकपदाचा राजीनामा दिला, तो आरओसीत (कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे) भरला. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर आता आम्हा दोघांचीच नावं दिसतात. त्याने सही करून दिलेला एसएच-४ (शेअर हस्तांतरणाचा फॉर्म) फाइलमध्येच राहिला. आता कर्जासाठी बँकेने भागधारकांची यादी मागितली, तर त्यात त्याचे ३० टक्के निघाले. तो म्हणतो, नवी सही हवी तर नवे पैसे द्या. त्याचे शेअर आरओसीत आमच्या नावावर कसे करायचे?

आरओसीत शेअर कुणाच्याच नावावर होत नाहीत. हा गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की त्याचं मूळ सांगते.

मी ट्रेनी होते तेव्हा १९५६चा कायदा चालू होता. शेअर हस्तांतरणाच्या फॉर्मला ‘सेव्हन-बी’ म्हणायचे. कोरा फॉर्म आधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात न्यायचा, खिडकीवर त्याच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा आणि मग विकणाऱ्याची सही घ्यायची. मी स्वतः असे गठ्ठे घेऊन रांगेत उभी राहिले आहे. त्या शिक्क्यामुळे एका अख्ख्या पिढीच्या मनात बसलं की शेअरची बदली आरओसी करतो. तो तेव्हाही करत नव्हता. फॉर्म कधीचा आहे एवढंच तो शिक्का सांगायचा. १ एप्रिल २०१४ पासून नव्या कायद्याचा एसएच-४ आला आणि शिक्काही गेला. आज विकणारा आणि घेणारा दोघंही भारतात राहणारे असतील तर हस्तांतरणाचा वेगळा फॉर्म रजिस्ट्रारकडे जातच नाही. बोर्ड मान्यता देतं, सभासदांच्या नोंदवहीत, म्हणजे एमजीटी-१ मध्ये, नाव बदलतं, सर्टिफिकेटच्या मागे शेरा पडतो किंवा नवं सर्टिफिकेट निघतं, आणि मालकी बदलते. रजिस्ट्रारला ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेनंतर ६० दिवसांत भरायच्या विवरणपत्रातून कळतं.

शेती असलेल्या घरातल्या अशिलांना मी फेरफाराचं उदाहरण देते. खरेदीखत कपाटात असलं तरी फेरफार मंजूर झाला नाही तर सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं. इथे तो फेरफार मंजूर करणारं बोर्ड तुमचंच होतं, वहीही तुमच्याच ऑफिसात होती.

पोर्टलवर दोनच नावं दिसतात ती संचालकांची. तुम्ही भरलात तो डीआयआर-१२, संचालक गेल्याचा फॉर्म. संचालक असणं आणि भागधारक असणं ही दोन वेगळी नाती आहेत. एक तुटलं म्हणून दुसरं तुटत नाही. तुमचा भागीदार कंपनीच्या टेबलावरून उठला, पण ३० टक्क्यांचा मालक म्हणून आजही तिथेच आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस त्याला जायला हवी, लाभांश दिलात तर त्याचा वाटा त्याला जायला हवा.

आता तो एसएच-४. तुम्ही फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यावर विकणाऱ्याची सही आहे. तारीख नाही. साक्षीदाराचा रकाना कोरा. घेणाऱ्याची सही नाही. मुद्रांक नाही. १५ लाखांवर ०.०१५ टक्के दराने मुद्रांक शुल्क होतं २२५ रुपये. जुलै २०२० पासून देशभर हाच दर आहे. तेवढे २२५ रुपये भरून, दोघांच्या सह्या घेऊन, सर्टिफिकेटसह फॉर्म ६० दिवसांत कंपनीकडे दिला असता आणि बोर्डाने अर्ध्या पानाचा ठराव केला असता, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. (चिकटवायचे मुद्रांक वापरणार असाल तर त्यांच्यावर रेघ मारून किंवा तारखेसह सही करून ते रद्द करायला विसरू नका. रद्द न केलेला मुद्रांक कायद्याने नसल्यातच जमा असतो.)

फॉर्म हरवला किंवा ६० दिवसांत दिला गेला नाही, तर बोर्ड नुकसानभरपाईची हमी घेऊन हस्तांतरण नोंदवू शकतं. कलम ५६ मध्ये ती सोय आहे. पण तुमच्या कागदाला मी त्या सोयीत बसवणार नाही. तो उशिरा आलेला फॉर्म नाही, तो अर्धवट फॉर्म आहे. भागीदार स्पष्ट नाही म्हणत असताना त्याच्या जुन्या सहीखाली आजची तारीख घालणं म्हणजे त्याची सही त्याच्या माघारी वापरणं. ते करू नका.

त्याला लेखी पत्र पाठवा. सोबत १५ लाखांची बँकेतली नोंद, तेव्हाचा समझोत्याचा कागद आणि नवा एसएच-४ जोडा. समझोत्यात ‘माझ्या सर्व शेअरच्या बदल्यात’ असे शब्द असतील तर तुमची बाजू भक्कम आहे आणि सही करून घेण्यासाठी न्यायालयात जाता येईल. नुसता ‘पूर्ण हिशेब मिटला’ असा कागद असेल तर वकिलाला आधी दाखवा. ते १५ लाख शेअरचे की थकलेल्या पगाराचे, असा वाद तो घालू शकेल. गेल्या दोन वर्षांची वार्षिक विवरणपत्रं दुरुस्त करायच्या मागे लागू नका. त्यांत त्याचं नाव आहे ते बरोबरच आहे, कारण वहीतही तेच होतं.

प्रश्न : आम्ही पाचच भागधारक आहोत. आम्हालाही शेअर डीमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक) करावे लागतात का?

‘लहान कंपनी’ असाल तर नाही. लहान ठरवण्याची भांडवल आणि उलाढालीची मर्यादा सरकार मधूनमधून वाढवत असतं, तेव्हा ताजा आकडा बघा. कंपनी दुसऱ्या कंपनीची उपकंपनी किंवा होल्डिंग कंपनी असेल तर आकडा कितीही छोटा असला तरी ती लहान धरत नाहीत. उरलेल्या प्रायव्हेट कंपन्यांना २७ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने डीमॅट सक्तीचं केलं आणि मुदत वाढवत ३० जून २०२५ वर आणली. ती उलटून गेल्यावर कागदी शेअर विकता येत नाही, आणि प्रवर्तक-संचालकांचे सगळे शेअर डीमॅटमध्ये असल्याशिवाय कंपनीला नवे शेअरही काढता येत नाहीत. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडून) आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, घ्या. डीमॅट झाल्यावर एसएच-४ लागत नाही, मुद्रांक शुल्क व्यवहारातच कापलं जातं, आणि मालकीची यादी डिपॉझिटरी सांभाळते. वही सात-सात वर्षं न भरणाऱ्या कंपन्यांना मी लहान असूनही डीमॅट करायला सांगते.

प्रश्न : कंपनीत माझे ३० टक्के, म्हणजे १०,००० पैकी ३,००० शेअर. बाकीचे दोघा चुलत भावांचे. परवा ई-मेल आला : प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर, १० रुपये दराने, सात दिवसांत पैसे भरा. ताळेबंदानुसार एका शेअरचं मूल्य ४०० रुपयांच्या आसपास आहे. मला न विचारता ठरवलं म्हणून उत्तरच द्यायचं नाही असं मनात आहे. माझ्या संमतीशिवाय हे चालतं का?

चालतं, आणि म्हणूनच उत्तर द्या. आजच द्या.

याला राइट्स इश्यू म्हणतात. आहे त्याच भागधारकांना आहे त्या प्रमाणात देऊ केलेले शेअर. यासाठी विशेष ठराव लागत नाही, बोर्डाचा ठराव पुरतो. कंपनी कायद्याखाली व्हॅल्युएशनही लागत नाही. ऑफर किमान ७ आणि कमाल ३० दिवस खुली ठेवता येते आणि ऑफरचं पत्र ती खुली होण्याच्या निदान तीन दिवस आधी निघायला हवं. मुदत याहून आखूड करायला ९० टक्के सभासदांची लेखी संमती लागते. तिघा सभासदांपैकी भाऊ दोघेच आहेत, तेव्हा ई-मेलची तारीख आणि खुली होण्याची तारीख नीट पडताळा. तीन दिवसांचं अंतर नसेल तर ते लेखी कळवा. पण त्या भरवशावर पैसे भरायचे थांबू नका.

कारण हा हिशेब बघा. आज कंपनीचं मूल्य १०,००० गुणिले ४०० म्हणजे ४० लाख, त्यात तुमचे १२ लाख. नव्या शेअरचे १ लाख आले की ४१ लाख आणि शेअर होतात २०,०००. एका शेअरला २०५ रुपये. तुम्ही ३०,००० भरलेत तर तुमचे ६,००० शेअर, १२ लाख ३० हजारांचे. काहीही गेलं नाही. भरले नाहीत आणि तुमच्या वाट्याचेही भावांनी घेतले, तर तुमचे ३,००० शेअर उरतात ६ लाख १५ हजारांचे. तीस हजार वाचवून पावणेसहा लाखांच्या वर घालवले. घेतले नाहीत तर ते शेअर दुसऱ्याला द्यायचा अधिकार बोर्डाला कलम ६२ नेच दिला आहे.

पैशांइतकीच मोठी दुसरी गोष्ट म्हणजे मत. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. ३० टक्के हातात असताना तुम्ही ‘नाही’ म्हटलंत की विशेष ठराव पडतो. नियमावली बदलणं, बाहेरच्या माणसाला शेअर देणं, हे तुमच्याशिवाय होऊ शकत नाही. १५ टक्क्यांवर आलात की ही ताकद संपली. ऑफरला उत्तर न देणाऱ्या अशाच एका अशिलाने पुढच्या सभेत हात वर केला तेव्हा त्याच्या हाताला किंमत उरलेली नव्हती. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

स्वतःच्या खात्यातून ३०,००० भरा, व्यवहाराचा क्रमांक जपा, ऑफरचा अर्ज पूर्ण भरून ई-मेलने आणि स्पीड पोस्टने दोन्हीकडून पाठवा. निषेध नोंदवायचा असेल तर त्याच पत्रात नोंदवा : ‘दर आणि प्रक्रियेबद्दलचे माझे हक्क राखून ही रक्कम भरत आहे.’ आणखी शेअर हवे असतील तर तेही मागून ठेवा. घ्यायचेच नसतील तर हक्क दुसऱ्याच्या नावे सोडता येतो, तुमच्या नियमावलीने मनाई केली नसेल तर. वाटपानंतर ३० दिवसांत पीएएस-३ दाखल होतो. त्याच्या जोडयादीत तुमचं नाव आणि ३,००० चा आकडा स्वतः तपासा. पैसे भरूनही शेअर नाकारले तर कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, आहे.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत नोकरी करते, भारतीय पासपोर्ट आहे. आमच्या कंपनीत तिला १० लाखांचे शेअर द्यायचे आहेत. रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं का?

पैसे भरण्याआधी तिला एक ठरवायला सांगा : हे पैसे पुढे पुन्हा परदेशी नेता यावेत असं तिला वाटतं का?

‘हो’ असेल तर ही परकी गुंतवणूक. शेअरची किंमत व्हॅल्युएशनपेक्षा कमी चालत नाही, पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप आणि वाटपापासून ३० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा फॉर्म. पुढे दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए (परकी देणी आणि मालमत्तेचं) विवरणपत्र. उशीर झाला की विलंब शुल्क. ‘नाही’ असेल तर ती नॉन-रिपॅट्रिएशन (पैसे परत परदेशी न नेण्याच्या) तत्त्वावर शेअर घेऊ शकते. तो पैसा देशातल्या गुंतवणुकीसारखाच धरतात आणि एफसी-जीपीआर लागत नाही. शेअर विकले तर रक्कम तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येते. शेतीच्या किंवा जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यातली कंपनी असेल तर मात्र ही दुसरी वाट बंद आहे. कंपनी कायद्याचे ठराव आणि पीएएस-३ दोन्हीकडे सारखेच. ठरावातच ‘नॉन-रिपॅट्रिएशन’ हा शब्द घाला.

प्रश्न : माझे पती जानेवारीत गेले. त्यांची आणि त्यांच्या मित्राची कंपनी होती. मित्राचे ६० टक्के, यांचे ४०. दोघेच संचालक, दोघेच भागधारक. मित्र म्हणतात, ‘वहिनी, कंपनी मीच चालवणार, तुम्ही पाच लाख घ्या आणि या फॉर्मवर सही करा.’ शेअर सर्टिफिकेट घरात कुठेच सापडत नाही. मुलगा कॉलेजात आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. मी सुरुवात कुठून करू?

ताई, आधी एकच करा. त्या फॉर्मवर सही करू नका, कोरा असेल तर मुळीच नाही. भावजींना सांगा की कागद बघून महिन्याभरात कळवते. यात भांडण नाही.

सर्टिफिकेट सापडत नाही याची भीती बाळगू नका. कंपनीने दरवर्षी रजिस्ट्रारकडे भरलेली विवरणपत्रं सार्वजनिक असतात. एमसीएच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की त्या कंपनीची कागदपत्रं पाहता आणि उतरवून घेता येतात. मुलाला बरोबर घेऊन बसा. दोन गोष्टी काढा : वार्षिक विवरणपत्र आणि त्याच्या जोडीची भागधारकांची यादी, जिथे तुमच्या यजमानांचं नाव आणि शेअरची संख्या असेल, आणि गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद. ताळेबंदात भागभांडवल आणि राखीव निधी यांची बेरीज बघा. तिचे ४० टक्के काढा. पाच लाख हा आकडा कुठे बसतो ते तुम्हाला तिथेच दिसेल. विकायची वेळ आलीच तर रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून किंमत काढून घ्या.

मृत्यूनंतर शेअर वारसांकडे जातात त्याला ट्रान्समिशन म्हणतात. ही विक्री नव्हे. एसएच-४ लागत नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. कंपनीला अर्ज, मृत्यूचा दाखला, आणि वारस असल्याचा पुरावा द्यायचा : नामनिर्देशन केलेलं असेल तर ते, मृत्युपत्र असेल तर ते, नाहीतर वारसा प्रमाणपत्र. कोणता कागद पुरेल हे कंपनीच्या नियमावलीत बघा; तीही पोर्टलवर मिळेल. नामनिर्देशन तुमच्या नावे असलं तरी त्याने मालकी एकटीची होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तुमचा, मुलाचा आणि सासूबाईंचा सारखा वाटा आहे. सासूबाईंशी हे आधीच मोकळेपणाने बोला. त्यांची संमती लेखी असली तर नाव लावणं सोपं जातं. त्या वाटा ठेवणार असतील तर तोही त्यांचा हक्क आहे.

भावजींनाही एक गोष्ट शांतपणे सांगायला हवी. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक आणि दोन सभासद लागतात. सभासद दोनाच्या खाली गेलेले असताना, हे माहीत असूनही कंपनी सहा महिन्यांपेक्षा जास्त चालवली, तर त्यापुढच्या काळात घेतलेल्या कर्जांची जबाबदारी उरलेल्या सभासदावर वैयक्तिक येते. कलम ३ए तसंच सांगतं. म्हणजे तुमचं नाव वहीत लागणं ही त्यांचीही गरज आहे. संचालकपद मात्र वारशाने मिळत नाही. ते तुम्हाला हवं का, हा पुढचा आणि वेगळा विचार.

अर्ज स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि पोहोचपावती जपून ठेवा, कारण सगळ्या मुदती तिथून मोजल्या जातात. अर्ज पोचल्यापासून एका महिन्यात सर्टिफिकेट मिळायला हवं. नाकारायचं असेल तर कंपनीने ३० दिवसांत कारणांसह लेखी कळवायला हवं. तसं पत्र आलं तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीच उत्तर आलं नाही तर अर्ज पोचल्यापासून ६० दिवसांत, तुम्हाला एनसीएलटीकडे अपील करता येतं. यजमानांचे आर्थिक कागद ठेवलेल्या कपाटात एकदा लांबट, जाड कागदाची घडी आहे का ते पुन्हा बघा. बऱ्याच घरांत सर्टिफिकेट विमा पॉलिसीच्या फाइलमध्ये निघतं. नाहीच सापडलं तर अर्जातच तसं लिहा आणि दुय्यम प्रत मागा.